मेजावरचें रणांगण आणि बोहाड्याचे मुखवटे

लढाई हा मनुष्याच्या खेळाचा फार जुना विषय आहे. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडे, उंट आणि प्यादीं यांची फौज उभी करून दोन माणसें शांतपणें एकमेकांचा पराभव करूं पाहतात, ती चतुरंगसेनेचीच स्मृति होय. परंतु बुद्धिबळांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हत्तीच्या मोहऱ्याला सोंड असो वा नसो, तो चालतो सरळच. घोड्याचें तोंड झिजून त्याचा नुसता बोटभर ठोकळा झाला, तरी त्याचीं अडीच घरें कोणी हिरावून घेत नाहीं. खेळाचे नियम चित्राची वाट पाहत बसत नाहींत. मग मोहऱ्याला तोंड कोण देतो, कां देतो, आणि तें दिल्यावर खेळाचें काय होतें, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी तसा नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत गेल्या पन्नास वर्षांत युद्धखेळाचा एक सबंध प्रकार असा वाढला आहे कीं, ज्यांत पुष्कळदां चित्रकार पुढें चालतो, पुतळे घडविणारा त्याच्या मागून जातो, आणि नियम करणारा शेवटीं येतो. आणि आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत मुखवटे घडविणारे हात हेंच काम आपल्या रीतीनें करीत आले आहेत. या दोन गोष्टी शेजारीं मांडून पाहिल्या, तर दोहोंवरही थोडा नवा उजेड पडतो.

पश्चिमेकडील युद्धखेळाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतां येईल. प्रशियाचे बॅरन फॉन राइसव्हिट्स यांनीं १८१२ सालीं आपल्या राजासाठीं एक खास मेज तयार केलें. त्यावर डोंगर, नद्या, गांवें यांचे सुटे तुकडे मांडून सैन्यांच्या हालचाली करीत. त्यांच्या मुलानें १८२४ मध्यें या खेळाचे व्यवस्थित नियम छापले, आणि प्रशियन लष्करांत तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचें साधन होऊन बसला. त्यांतलें सैन्य म्हणजे नुसते रंगीत ठोकळे. पुढें १८९३ पासून विल्यम ब्रिटन यांच्या इंग्रजी कारखान्यानें शिशाचे पोकळ शिपाई ओतून ते स्वस्त केले. आणि १९१३ मध्यें एच. जी. वेल्स या सुप्रसिद्ध कादंबरीकारानें ‘लिट्ल वॉर्स’ हें लहानसें पुस्तक लिहून, असे शिपाई जमिनीवर मांडून लढाई कशी करावी, तें मोठ्या उत्साहानें सांगितलें. खऱ्या लढाईपेक्षां ही छोटी लढाई किती तरी बरी, असें त्याचें म्हणणें होतें. दुसऱ्याच वर्षीं युरोपांत खरी लढाई पेटली, हा दैवाचा उपहासच म्हणावयाचा.

येथपर्यंत शिपायांचा पोशाख इतिहासानें ठरविलेला होता. कोणत्या पलटणीचा डगला तांबडा आणि कोणाच्या टोपीवर तुरा, हें दप्तरांत पाहून रंगवितां येई. अडचण पडली ती पुढें. १९७१ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनीं ‘चेनमेल’ नांवाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले, आणि त्यांच्या शेवटीं चेटके, राक्षस, पंखांचे नाग अशा अद्भुत प्राण्यांची एक पुरवणी जोडली. त्या पुरवणीतूनच १९७४ मध्यें गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा जगप्रसिद्ध खेळ निघाला. आतां राक्षसाचा गणवेश कोणत्या दप्तरांत सांपडणार? तेथें चित्रकाराच्या दारीं जाण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. १९६६ पासून फ्रँक फ्रॅझेटा या चित्रकारानें कोनन नांवाच्या रानटी वीराच्या कथांवर जीं मुखपृष्ठें काढलीं, त्यांनीं एका पिढीच्या डोळ्यांत वीर म्हणजे कसा आणि राक्षस म्हणजे कसा, हें कायमचें भरवून दिलें होतें: काळोखी पार्श्वभूमि, पिळदार स्नायु, आणि आतां झेप घेईल असा आवेश. नव्या खेळाच्या पहिल्या पुस्तकांतलीं चित्रें मात्र अगदींच सामान्य होतीं. त्यांतलीं कांहीं तर मुलांच्या चित्रकथांवरून सरळ उतरून घेतलेलीं.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. या खेळांतले दोन-तीन प्रसिद्ध राक्षस कोणा प्रतिभावंताच्या मनांतून निघालेले नाहींत. हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त खेळण्यांच्या पुडक्यांत प्लास्टिकचे कांहीं वेडेविद्रे प्राणी असत. ना धड कासव, ना धड सुसर. गायगॅक्सनें ते विकत आणून मेजावर मांडले, त्यांना नांवें आणि शक्ति दिल्या, आणि मागाहून चित्रकारांनीं त्यांचीं चित्रें काढलीं. कोण्या अनामिक कारागिरानें घाईघाईनें केलेला सांचा, आणि त्यांतून निघालेला प्राणी आज लक्षावधि लोकांच्या कल्पनेंत वावरतो आहे! चित्र आधीं कीं पुतळा आधीं, हा वाद अशा वेळीं निकालांत काढणें कठीण. पण नियम दोहोंच्या मागून आले, हें उघड आहे.

ही गोष्ट इंग्लंडांत पूर्णत्वास गेली. १९७५ मध्यें लंडनमध्यें ‘गेम्स वर्कशॉप’ ही मंडळी निघाली, १९७९ मध्यें तिच्या सहकार्यानें धातूचे पुतळे ओतणारी ‘सिटाडेल मिनिएचर्स’, आणि १९८३ मध्यें ‘वॉरहॅमर’ नांवाचा खेळ. हा खेळ काढण्यांत पुतळे खपविण्याचा हेतु होता, हें त्याच्या कर्त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. एक इंचाहून किंचित् उंच असा हा पुतळा खेळणाऱ्यानें विकत घ्यावयाचा, बारीक कुंचल्यानें स्वतः रंगवावयाचा, आणि मग मेजावर उभा करावयाचा. रंगवावयाचा कसा? तें पुस्तकांतल्या चित्रांवरून. या मंडळीच्या चित्रांना वळण लावणारा मुख्य पुरुष जॉन ब्लांश. त्याचीं चित्रें तपकिरी आणि गंजलेल्या तांबड्या रंगांत बुडालेलीं असतात; त्यांत मोडक्या मंदिरांच्या कमानी, मेणबत्त्या, कवट्या, जखमांचे व्रण आणि चिंध्या झालेलीं निशाणें यांची दाटी असते. इयन मिलर या दुसऱ्या चित्रकाराच्या रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक आणि टोंकदार. जेस गुडविन हा मूर्तिकार तर आधीं कागदावर पुतळ्याचा प्रत्येक बंद, प्रत्येक बकल रेखाटून मगच हातांत माती घेई. १९८७ मध्यें याच खेळाची भविष्यकाळांतली आवृत्ति निघाली, आणि तिचें जग ब्लांशच्या चित्रांतूनच उगवल्यासारखें आहे. अशा जगांत कोणती सेना क्रूर, कोणती धर्मवेडी, कोणती भित्री, हें चित्रानें आधींच सांगून टाकलेलें असतें. नियम तेंच आंकड्यांत उतरवितात.

मला स्वतःला या चित्रांतला अखंड अंधार फार वेळ सोसवत नाहीं. लढाईखेरीज ज्यांत दुसरें कांहीं नाहीं, असें जग मुलांच्या हातीं द्यावें कीं काय, याबद्दल आईबापांनीं विचार करावा. पण एका बाबतींत ब्लांशला मान दिलाच पाहिजे. त्यानें वीराला सुंदर करण्याचा मोह टाळला.

आपल्याकडे मेजावरची लढाई नाहीं, पण अंगणांतली आहे. दिवाळींत मुलें दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला करितात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात, आणि बुरुजाबुरुजावर कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे उभे करितात. हा खेळ नसून सजावट आहे असें कोणी म्हणेल. त्यानें एकदां दोन भावांचें, तोफ कोणत्या दरवाजावर ठेवावी, या विषयावरचें भांडण ऐकावें. या मावळ्यांना चेहरे आणि पोशाख कोठून मिळाले? कुंभाराला बखरी वाचावयास सवड नव्हती. त्यानें पाहिलीं तीं छापील चित्रें. रविवर्म्याचा शिळाप्रेसचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईंत निघाला आणि देवादिकांबरोबर शिवाजीमहाराजांचेंही रंगीत चित्र भिंतीभिंतीवर लागलें. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं शिवकालाचे प्रसंग रंगविले. १९२८ मध्यें विनायकराव करमरकर यांचा भव्य अश्वारूढ पुतळा पुण्यांत उभा राहिला. त्यानंतर पुढचा पाय उचललेला घोडा आणि त्यावरचा स्वार हीच आकृति मातींत, प्लास्टरांत, पितळेंत पुन्हां पुन्हां येत राहिली. चित्राची सत्ता किती मोठी असते पाहा: १९३३ मध्यें वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें समकालीन चित्र उजेडांत आणीपर्यंत, भलत्याच एका सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून सर्रास छापलें जात असे, आणि लोक भक्तीनें त्यालाच हात जोडीत.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हेंही याच जातीचें उदाहरण. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, मिळून एकशेंवीस. खेळावयास नुसते ठिपकेही पुरले असते. पण चिताऱ्यानें प्रत्येक रंगाच्या राजाच्या पानावर मत्स्य, कूर्म, नरसिंह काढले, आणि मग दिवसा रामाच्या रंगानें आणि रात्रीं कृष्णाच्या रंगानें डाव सुरू करण्याचा संकेत आला. पत्त्यांच्या खेळांत पुराण शिरलें तें असें.

आतां जव्हार-मोखाड्याकडे वळूं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर वसलेलें जव्हार हें मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होतें. चौदाव्या शतकांत स्थापन झालेलें हें महादेव कोळी राजांचें राज्य १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें; पुढें हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत आला. १६६४ मध्यें सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजीमहाराज येथें थांबले आणि जव्हारच्या राजानें त्यांना मानाचा शिरपेंच दिला, असें परंपरा सांगते. तें ठिकाण शिरपामाळ या नांवानें ओळखतात. म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचा स्वार येथून एकदां खरोखर गेला आहे. पण या मुलखाची स्वतःची युद्धकथा निराळी आहे, आणि तिचें रणांगण म्हणजे गांवांतला रस्ता.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा लोकांच्या या वस्तींत होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या दिवसांत गांवोगांव बोहाडा होतो. कोठें त्याला भवाडा म्हणतात. रात्रीं संबळ आणि सनई वाजूं लागते, आणि एकेक सोंग बाहेर पडतें. आधीं गणपति, मग शारदा. मागून राम-लक्ष्मण, मारुति, भीम, नरसिंह, दहा तोंडांचा रावण, वेताळ, खंडेराव. रात्र संपतां संपतां महिषासुर येतो, देवी येते, आणि त्यांचें युद्ध होतें. सोंग घेणारे सारे पुरुषच. देवीचें सोंगही पुरुषच घेतो. कित्येक गांवांत अमुक सोंग अमुक घराचें असा पिढीजात मान असतो, आणि ज्याच्या घरीं तें सोंग, त्याला तें नवसासारखें पाळावें लागतें. नाटकांतल्यासारखीं लांबलचक भाषणें येथें नाहींत. मुखवटा बोलत नाहीं, तो चालतो. आणि सोंगासोंगाची चाल निराळी, तिचा ठेका निराळा. गणपति डुलतो, राक्षस उसळतो. वाजविणारा मुखवटा पाहतो आणि हात बदलतो. बुद्धिबळांतल्या घोड्याला आपलें तोंड गमावूनही अडीच घरें चालतां येतें. बोहाड्यांत तोंड हीच चाल आहे.

हीं तोंडें घडवितो कोण? पूर्वीं मुखवटे लांकडाचे असत. ते जड, आणि रात्रभर डोक्यावर धरून नाचणाऱ्याच्या मानेची परीक्षा पाहणारे. हल्लीं बहुतेक कागदाचे करितात. आधीं मातीचा चेहरा घडवितात. तो वाळला म्हणजे त्यावर भिजविलेल्या कागदाचे आणि जुन्या कापडाचे थर खळीनें चिकटवितात; थरावर थर चढवून उन्हांत वाळवितात; मग मातीपासून सोडवून कड सारखी करितात, डोळ्यांचीं छिद्रें पाडतात, आणि रंग देतात. जव्हार तालुक्यांतील रामखिंडीसारख्या गांवांत हें काम करणारे हात आहेत. मुखवटा करणारा पुराण वाचून काम करीत नाहीं. त्यानें लहानपणीं आपल्या गांवच्या बोहाड्यांत जो राक्षस पाहिला, भीतीनें आईच्या पदराआडून पाहिला, तोच त्याचा आधारग्रंथ. ब्लांशच्या चित्रांनीं ज्याप्रमाणें तिकडच्या सेनांचा स्वभाव ठरविला, त्याप्रमाणें येथें या माणसाच्या बोटांनीं महिषासुराचा स्वभाव ठरतो. भेद एवढाच कीं, तिकडे चित्राखालीं सही असते.

याच मुलखांतली दुसरी कला, वारली चित्रें, आतां जगाला माहीत झाली आहे. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं ती कागदावर आणि देशोदेशीं नेली. २०११ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाच्या चौकांत सुवासिनी तांदुळाच्या पिठानें पालघाट देवी काढतात आणि शेजारच्या लहान चौकांत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. या चित्रांतली माणसें म्हणजे दोन त्रिकोण आणि एक वाटोळें डोकें. त्यांना चेहरा नाहीं. एकाच मुलखांत भिंतीवरच्या माणसाला तोंडच नसावें आणि रस्त्यावरच्या देवाला हातभर तोंड असावें, याचें मला मोठें नवल वाटतें. भिंतीवर सारा समाज एका तालावर फेर धरतो, तेथें कोणाला ओळखावयाचें नसतें. बोहाड्यांत मात्र अंधारांत, पलित्यांच्या उजेडांत, दूरवरून ओळख पटली पाहिजे: हा देव, हा दानव. म्हणून डोळे वाटोळे, रंग भडक, दांत बाहेर. दूरच्या मेजावरून आपली पलटण ओळखूं यावी म्हणून इंग्रज मूर्तिकार आपल्या इंचभर शिपायाचें डोकें आणि हात प्रमाणापेक्षां मोठे करितात, तेंही याच कारणानें.

छापील चित्रांचें आक्रमण येथेंही झालें आहे. रविवर्म्याच्या मागून रघुवीर मुळगांवकरांच्या (१९१८–१९७६) लक्ष्मी-सरस्वती कॅलेंडरांवर बसून घरोघर गेल्या. आज बोहाड्यांतल्या देवींचे गुलाबी गाल, धनुष्याकृति भिवया आणि मंद स्मित पाहिलें कीं, मला तरी तीं कॅलेंडरें आठवतात. यांत दोष काढावा असें नाहीं. ज्यांनीं त्या देवी काढल्या ते मोठेच चित्रकार होते. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कॅलेंडरवाल्यांनीं देवांचीं चित्रें घरोघर पोंचविलीं. दानव मात्र देवीच्या पायांखालीं, तोंड वांकडें करून, कोपऱ्यांत. त्यामुळें दानवांच्या मुखवट्यावर कोणाची छाप बसली नाहीं. राक्षस, वेताळ, महिषासुर यांचीं तोंडें अजून गांवागांवाचीं निराळीं आहेत. घडविणाऱ्याची खरी प्रतिभा पाहावयाची तर ती तेथें.

आणि हेंच धन आतां धोक्यांत आहे. या तालुक्यांतलीं पुष्कळ कुटुंबें दिवाळी उरकली कीं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला वसई-भिवंडीकडे जातात, आणि होळीला परततात. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें मुलें दगावलीं, तेव्हां सबंध महाराष्ट्राला या भागाची आठवण झाली होती. पोटाची ही ओढाताण असतां परतलेलीं माणसें पंधरवड्याच्या आंत रात्ररात्र जागून देवदानवांचें युद्ध मांडतात. पण मुखवटा करण्याची विद्या होळीच्या पंधरवड्यांत शिकतां येत नाहीं. तिला घरीं असलेला बाप आणि घरीं असलेला मुलगा लागतो. दुसरीकडे, शहरांत मुखवट्यांना गिऱ्हाईक मिळूं लागलें आहे तें दिवाणखान्याच्या भिंतीसाठीं. चार पैसे घडविणाऱ्याच्या हातीं पडतात ही आनंदाचीच गोष्ट. मात्र भिंतीवरच्या गिऱ्हाइकाला आटोपशीर, सुबक, रंगसंगतीला शोभेल असा मुखवटा हवा असतो, आणि असा राक्षस कोणालाही भीति घालीत नाहीं. गिऱ्हाइकाची आवड हळूहळू बोटांत उतरते.

मुंबई-पुण्यांतले कांहीं हौशी तरुण हल्लीं परदेशी पुतळ्यांची ही मेजावरची लढाई खेळतात. पुतळे महाग, म्हणून कोणी ते घरच्या यंत्रावर छापूनही काढतात. त्यांच्या रंगकामाचें कौतुक वाटतें. नखाएवढ्या चेहऱ्यावर डोळ्याची बाहुली काढणें सोपें नव्हे. त्यांच्या मेजावर युरोपांतल्या दंतकथांतले राक्षस आहेत, इजिप्तचीं प्रेतें आहेत, चिनी पद्धतीचे नाग आहेत. मोखाड्याचा महिषासुर नाहीं. तो तेथें असावा असें मला वाटतें, आणि तें देशाभिमानासाठीं नव्हे. त्याचें तोंड चांगलें आहे म्हणून. तें कॅलेंडरावरून घ्यावयाचें नाहीं, रामखिंडीच्या ओसरीवर बसून, घडविणाऱ्याला विचारून, त्याच्या नांवानें आणि त्याला मोबदला देऊन घ्यावयाचें. हेंच दिवाळीच्या किल्ल्यांनाही लागूं आहे. जव्हारच्या शाळांतल्या मुलांनीं आपल्या किल्ल्यावर कुंभारवाड्यांतल्या मावळ्यांशेजारीं घरच्या मातीचा एक राक्षस उभा केला, तर शिक्षकांनीं तो काढून टाकूं नये.

ज्यांना बोहाडा पाहावयाचा असेल त्यांनीं नाशिकहून त्र्यंबकेश्वरावरून, किंवा कसाऱ्याहून खोडाळ्याच्या वाटेनें मोखाड्यास जावें. प्रत्येक गांवची तिथि निराळी. ती आधीं गांवांतच विचारून घ्यावी. सोबत एक घोंगडी असावी, कारण डोंगरांत उत्तररात्रीं गारवा सुटतो. मध्यरात्रीं कंटाळून उठूं नये. महिषासुर शेवटीं येतो, आणि त्याच्याचसाठीं सारें गांव जागें असतें. आणि छायाचित्र घेण्याच्या भरांत सोंगाच्या वाटेंत उभें राहूं नये. मुखवट्याच्या छिद्रांतून आंतल्या माणसाला फार थोडें दिसतें.